दाह : रक्षण आणि विध्वंस

पायात काटा रुतला आणि तो वेळीच निघाला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. हा अनुभव ज्याला नाही असा मनुष्य विरळा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे एकत्र नोंदवून ठेवली. वैद्यकाचे विद्यार्थी आजही ती पाठ करतात. भारतीय शल्यतंत्राने या घटनेकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. अज्ञानाने कच्च्या गळवावर शस्त्र चालवणारा आणि पिकलेल्या गळवाची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांना संहितेने सारखाच दोष दिला आहे. दाहाला आरंभ, मध्य आणि शेवट असतो व उपचाराचे यश तो काळ ओळखण्यावर अवलंबून असते, हा त्यातील आशय होय.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे शेवट न होणारा दाह. काट्याभोवतीची सूज चार दिवसांत ओसरते. परंतु क्षयरोग, कुष्ठरोग, आमवात, रोहिण्यांच्या भिंती जाड होऊन होणारा हृदयविकार अशा वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या रोगांतही तीच प्रक्रिया, त्याच पेशींकडून, शरीराच्या आत चालू असते. बाहेरून लाली दिसत नाही, पुष्कळदा वेदनाही जाणवत नाही. वैद्यकाच्या परिभाषेत या प्रक्रियेला शोथ म्हणतात. येथे सोयीसाठी दाह हाच परिचित शब्द वापरला आहे.

दाहात नेमके काय घडते हे समजू लागले ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ऊतके पाहता येऊ लागल्यावर. १८६७ मध्ये यूलिउस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने बेडकाच्या शरीरातील पातळ पडद्यांचे निरीक्षण करून दाखवून दिले, की दाह झालेल्या जागी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात. पू म्हणजे बहुतांशी याच पेशी, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मात्र त्या बाहेर कशासाठी पडतात याचे उत्तर मिळाले नव्हते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना पोटात घेऊन शरीरभर पसरवतात, असेही त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानीत असत.

या प्रश्नाला निराळे वळण दिले ते एका प्राणिशास्त्रज्ञाने. एली मेचनिकॉफ हा रशियन संशोधक १८८२ च्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहण्यास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक डिंभातील हलत्या पेशींचे निरीक्षण करीत होता. या पेशी बाहेरून आलेल्या उपद्रवापासून प्राण्याचे रक्षण करीत असतील काय, असा विचार त्याच्या मनात आला. बागेतील गुलाबाचे काही काटे आणून त्याने डिंभाच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाच्या डिंभाला रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा लाली आणि उष्णता ही दाहाची बाह्य चिन्हे असून पेशींनी परक्या वस्तूला वेढणे हे त्याचे मर्म होय, असा निष्कर्ष त्याने काढला. १८८३ मध्ये त्याने या पेशींना भक्षक पेशी हे नाव दिले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने दाहाच्या तुलनात्मक विकृतिशास्त्रावर व्याख्याने दिली आणि १९०८ मध्ये पाउल एर्लिख यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मेचनिकॉफच्या या शोधामुळे दाहाकडे संरक्षणाची क्रिया म्हणून पाहण्याची दृष्टी आली. ती बरोबरच होती. परंतु त्या चित्राचा अर्धा भाग रंगवायचा राहिला होता.

साध्या जखमेत घटनांचा क्रम असा असतो. प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटनास्थळी पोचतात. त्यांचे आयुष्य अल्प आणि शस्त्रे तीव्र असतात. जंतूंवर सोडलेली त्यांची विकरे आणि दाहक रसायने आसपासच्या निरोगी ऊतकालाही भाजून काढतात. मागोमाग महाभक्षक पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज, येतात. जंतू गिळणे, मेलेल्या न्यूट्रोफिलांची विल्हेवाट लावणे, लसीका पेशींना आक्रमकाची ओळख पटवणे आणि अखेरीस दुरुस्तीचा आरंभ करणे ही त्यांची कामे. या सर्व पेशी एकमेकींशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने संधान ठेवतात.

दाह ओसरतो कसा, याविषयीची कल्पनाही अलीकडच्या दशकांत बदलली आहे. सरपण संपले की चूल आपोआप विझते, तसे येथे घडत नाही. मरणासन्न न्यूट्रोफिल गिळताच महाभक्षक पेशीचा स्वभाव पालटतो. ती दाह वाढवणारे संदेश थांबवून शमनाचे संदेश पाठवू लागते. मेदाम्लांपासून काही विशिष्ट शामक द्रव्येही त्या जागी तयार होतात. दाह संपवणे हे शरीराचे एक स्वतंत्र काम आहे. दीर्घकालीन रोगांत हेच काम अपुरे राहते. कधी जंतू मरत नाही म्हणून, कधी शरीर आपल्याच घटकांना परके समजते म्हणून, तर कधी क्षोभाचे कारण आहार-विहारातून रोजच नव्याने पुरवले जाते म्हणून.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण क्षयरोग. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरला, की तेथील महाभक्षक पेशी त्याला तत्काळ गिळतात. गिळलेल्या जंतूला पेशीतील पाचक द्रव्यांच्या पिशवीत ढकलायचे आणि नष्ट करायचे, ही नेहमीची रीत. परंतु क्षयाचा जंतू त्या पिशवीशी होणारा संयोगच रोखून धरतो आणि भक्षकाच्या पोटात सुखाने राहू लागतो. मग आणखी महाभक्षक पेशी येतात, त्यांच्याभोवती लसीका पेशींचे कडे पडते. काही महाभक्षक पेशी परस्परांत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी बनतात. टेओडोर लांगहान्स यांनी १८६८ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. अशी ही गाठ म्हणजे एक तटबंदी असते. तिच्या आत जंतू कोंडले जातात. ते सर्व मरतात असे नाही, परंतु बाहेरही पडू शकत नाहीत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील शंभरापैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. बाकीच्यांचे आरोग्य या तटबंदीवर उभे असते.

तथापि हीच तटबंदी बिघडली म्हणजे काय होते? गाठीचा मध्यभाग मरून पनीरासारखा होतो, नंतर पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो आणि फुफ्फुसात पोकळी पडते. रुग्णाला रक्ताची उलटी होते ती या पोकळीच्या भिंतीतील वाहिनी फुटल्यामुळे. खोकल्यावाटे असंख्य जंतू इतरांपर्यंत पोचतात तेही या पोकळीतूनच. ही पोकळी जंतूने खाऊन केलेली असते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. फुफ्फुसाची चौकट ज्या तंतूंनी बनलेली असते, ते तंतू तोडणारी विकरे रुग्णाच्याच महाभक्षक आणि इतर पेशी सोडतात. याचा पुरावा एका करुण गोष्टीतून मिळतो. एचआयव्हीच्या संसर्गामुळे ज्यांच्या सहायक लसीका पेशी अत्यंत घटल्या आहेत, अशा क्षयरुग्णांच्या फुफ्फुसांत पोकळ्या क्वचितच आढळतात. म्हणून त्यांचा रोग सौम्य असतो काय? मुळीच नाही. त्यांच्यात जंतू अडवणारे कोणी नसल्याने ते शरीरभर पसरतात आणि उपचार न मिळाल्यास रुग्ण लवकर दगावतो. प्रतिकार प्रबळ असता फुफ्फुस पोखरले जाते, प्रतिकार नसता प्राण जातो. या दोहोंमधील अरुंद वाटेवरून शरीराला चालावे लागते.

कुष्ठरोगात हीच गोष्ट अधिक उघडपणे दिसते, कारण तेथे एकच जंतू दोन टोकांची रूपे घेतो. एका टोकाच्या रुग्णांत पेशींचा प्रतिकार दुबळा असतो. त्यांच्या त्वचेत असंख्य जंतू असूनही मज्जातंतूंची हानी सावकाश होते. दुसऱ्या टोकाच्या रुग्णांत प्रतिकार जोरकस असतो. जंतू शोधूनही सापडत नाहीत, मात्र मज्जातंतूंवर लसीका पेशींचा हल्ला होऊन हातापायांची संवेदना लवकर जाते. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात आणि संसर्ग थांबतो. तरीही मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात उरतात आणि उपचार पूर्ण झाल्यानंतरही कधी कधी दाहाचा उद्रेक होतो. अशा वेळी नवी संवेदनाशून्यता किंवा स्नायूंची दुर्बलता जाणवताच प्रेडनिसोलोनसारखे दाहशामक औषध वेळेवर मिळाले तर हात वाचतो; उशीर झाल्यास बोटे कायमची वाकडी होतात. कुष्ठरोगातील विकलांगतेविरुद्धचा लढा हा अशा प्रकारे दाहाविरुद्धचाही लढा आहे.

आता जंतूच नसलेल्या दाहाकडे वळावयाचे. संधिवाताभ संधिशोथ, ज्याला व्यवहारात आमवात म्हणतात, त्यात प्रतिरक्षा पेशी सांध्याच्या आतील पातळ अस्तरात ठाण मांडतात. ते अस्तर जाड होऊन कूर्चेवर पसरते. महाभक्षक पेशींच्याच कुळातील अस्थिभक्षक पेशी हाडाचा काठ कुरतडतात. सकाळी उठल्यावर बोटे ताठ होणे, कुलूप उघडता न येणे, पातेले उचलता न येणे, अशी या रोगाची सुरुवात असते आणि ऐन उमेदीतील स्त्रिया त्याला अधिक प्रमाणात बळी पडतात.

या रोगात दाहक सायटोकाइनांची इतकी गर्दी असते, की त्यातील एकच अडवून काय साधणार, असे अनेक संशोधकांना वाटत होते. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतील पेशी काचपात्रात वाढवल्या. त्यांतील ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टीएनएफ, हा एकच संदेश अडवला असता इतर दाहक संदेशही मंदावतात, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफला जखडून ठेवणारे प्रतिपिंड रुग्णांना देण्यास सुरुवात केली. अनेक वर्षे अन्य औषधांना दाद न देणारे सांधे काही दिवसांत हलके झाले. दीर्घकालीन दाहाच्या उपचारातील हा नव्या युगाचा आरंभ होता. या कार्यासाठी दोघा शास्त्रज्ञांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

परंतु क्षयाच्या गाठीचे जे वर्णन वर आले आहे, तिच्यातील पेशींना एकत्र बांधून ठेवणारा एक प्रमुख संदेश कोणता? तोही टीएनएफच. उंदरांवरील प्रयोगांतून १९८९ मध्येच हे दिसून आले होते. टीएनएफ अडवला, की गाठी नीट बांधल्या जात नाहीत आणि जंतू मोकाट सुटतात. प्रयोगशाळेतील हा इशारा पुढे माणसांत खरा ठरला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात, इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक औषध घेतल्यानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद होती. तोवर जगभरात सुमारे १,४७,००० रुग्णांना ते औषध देण्यात आले होते. त्या ७० पैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रा दिल्यानंतरच क्षय झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग फुफ्फुसाबाहेर पसरलेला होता. विशेष म्हणजे ७० पैकी ६४ रुग्ण ज्या देशांत क्षयाचे प्रमाण मुळातच कमी आहे, अशा देशांतील होते. आमवाताच्या सांध्यातील आग विझवण्यासाठी टाकलेले पाणी फुफ्फुसातील तटबंदीच्या पायात शिरले होते.

रोहिण्यांच्या रोगाची कथाही याच मार्गाने जाते. रोहिणीच्या भिंतीत साचणारा थर म्हणजे पाण्याच्या नळात धरणारा गाळ, अशी कल्पना दीर्घकाळ रूढ होती. रुडॉल्फ व्हिर्को यांनी मात्र एकोणिसाव्या शतकातच त्यात दाहाची लक्षणे पाहिली होती. आज हे सर्वमान्य आहे, की कोलेस्टेरॉलवाहक कण भिंतीत शिरून तेथे विकृत होतात, महाभक्षक पेशी ते गिळून फुगतात आणि तेथेच मरतात. त्यांची विल्हेवाट वेळेवर लागली नाही म्हणजे थराचा गाभा मऊ होतो. वरचे तंतुमय आवरण दाहक विकरांनी झिजून फाटते. त्यावर क्षणार्धात रक्ताची गुठळी बनते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. क्षयाच्या गाठीचा गाभा आणि रोहिणीतील थराचा गाभा यांचे साम्य येथे लक्षात यावे. दोन्ही ठिकाणी मेलेल्या महाभक्षक पेशींचा ढिगारा असतो.

केवळ दाह कमी केल्याने हृदयविकार टळतो काय, याची कसोटी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लागली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तातील दाहाची खूण वाढलेल्या १०,०६१ रुग्णांना तीत घेतले होते. इंटरल्यूकिन-१ बीटा हा सायटोकाइन अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या मध्यम मात्रेने पुढील झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलची पातळी मात्र कमी झाली नव्हती. दाहाचा हात सिद्ध झाला. परंतु औषध घेणाऱ्यांत संसर्गाने होणारे मृत्यू अधिक आढळले आणि एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. कोल्चिसीन या संधिवातावरील जुन्या व स्वस्त औषधाच्या २०२० मधील चाचणीत दीर्घकालीन हृदयरोग्यांना लाभ दिसला, तर झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या रुग्णांच्या २०२४ मधील चाचणीत तसा लाभ आढळला नाही. कोणत्या रुग्णाला, केव्हा आणि किती, हा प्रश्न येथेही उरतोच.

स्थूलपणा आणि मधुमेह यांचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ तयार होतो आणि त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव घटतो, असे दिसून आले. २००३ मध्ये वाढत्या मेदात महाभक्षक पेशी मोठ्या संख्येने गोळा होतात हे कळले. माणसांत टीएनएफरोधक औषधांनी मधुमेह त्याच रीतीने सुधारला नाही. तेव्हा एका धाग्याने सारे वस्त्र उकलत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र मधुमेहामुळे क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो, ही गोष्ट निश्चित आहे.

भारतासारख्या देशात या ज्ञानाला विशेष महत्त्व आहे. २०२३ मध्ये जगातील क्षयरोगाच्या एकूण नव्या रुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक रुग्ण भारतात होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. ज्यांच्या शरीरात जंतू तटबंदीच्या आत निद्रिस्त आहेत, अशांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. त्याच देशात मधुमेह, आमवात आणि हृदयविकार यांचे रुग्णही वाढत आहेत. म्हणून टीएनएफरोधक औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि त्वचेवरील किंवा रक्ताची चाचणी करून सुप्त संसर्गाचा शोध घेणे आणि तो आढळल्यास प्रथम प्रतिबंधक उपचार देणे, हा आता वैद्यकाचा दंडक झाला आहे. महागड्या औषधांपुरतीच ही सावधगिरी पुरेशी नाही. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेणारे रुग्ण खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आढळतात. वेदना थांबते, भूक लागते, चेहरा भरतो. रुग्ण संतुष्ट होतो. आतील तटबंदी मात्र ढासळत असते. अशा गोळ्या एकाएकी बंद करणेही घातक असते. त्या वैद्याच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी कराव्या लागतात.

याचा अर्थ ही औषधे त्याज्य आहेत, असा कोणी काढू नये. व्हिएतनाममध्ये क्षयजन्य मेंदूज्वराच्या ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्षयावरील औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे ४१ वरून ३२ वर आले. कवटीच्या बंद पोकळीत दाहाची सूजच प्राणघातक ठरते. जंतू मारणारी औषधे चालू असताना ती सूज आवरणे हितकर ठरले. एचआयव्हीबाधित प्रौढांवरील २०२३ मधील चाचणीत मात्र असा लाभ आढळला नाही. तेच औषध, तोच रोग; परंतु रुग्णाच्या पेशींची अवस्था वेगळी.

मेचनिकॉफने काट्याभोवती जमलेल्या पेशींत रक्षक पाहिले. पुढच्या पिढ्यांनी त्याच पेशी सांधा कुरतडताना आणि रोहिणीचे आवरण झिजवताना पाहिल्या. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि रक्षण व विध्वंस यांसाठी शरीराने दोन निराळी सैन्ये ठेवलेली नाहीत. म्हणूनच दीर्घकालीन रोगाच्या उपचारात दाह समूळ नष्ट करण्याची प्रतिज्ञा उपयोगाची नाही. त्याला योग्य वेळी, योग्य मर्यादेत शमवणे एवढेच साधावयाचे असते. कच्च्या गळवावर घाईने शस्त्र चालवणारा आणि पिकलेल्या गळवाकडे काणाडोळा करणारा, हे सुश्रुतसंहितेतील दोन वैद्य आजही रुग्णाच्या उशाशी उभे आहेत. आधी क्षयाची तपासणी न करता दाहशामक औषध देणारा त्यांतील पहिला. कुष्ठरुग्णाचा हात बधिर होत असता जंतू मेले म्हणून त्याला घरी पाठवणारा दुसरा. या दोघांच्या चुका टाळणारा तिसरा वैद्य घडवणे हेच या विद्येचे प्रयोजन होय.